ज्येष्ठमधाची काडी

काल औषधांचा डबा आवरताना ज्येष्ठमधाची काडी हाती लागली आणि तिच्या वासाने मी थेट अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी, मुलाच्या स्वयंपाकघरात पोचले. माझी सून तेव्हा तिथल्या नाट्यगृहात कामाला होती. ऑपेरासाठी आलेल्या एका नावाजलेल्या इटालियन गायकाचा घसा हॉटेलच्या हीटरने धरला, म्हणून तिने त्याला सकाळीच आमच्याकडे आणून बसवलं. आवाज असा खर्जातला, की पंचविशीपासून दाढी चिकटवून राजे आणि म्हातारे बापच करत आलेला; आता दाढी खरी होती, तर घसा रुसलेला. संध्याकाळपर्यंत सुटला नाही तर दुसऱ्याला उभं करणार होते. "आई, त्यांना अजिबात बोलायचं नाहीये हं," सून बजावून निघाली. म्हटलं, "त्यांना नाही ना? मग मी बोलते." बाहेर बर्फ, टेबलाशी तो मुकाट, आणि मी फरसबी मोडत माहेरच्या भाऊबंदकीपासून सगळं मराठीतच सांगत होते. मध्येच त्याच्यापुढे ज्येष्ठमधाची काडी ठेवली. त्याने ती हुंगली, हसला आणि कोटाच्या खिशातून स्वतःची डबी काढली. आत तश्शाच काड्या. मग दोघंही चघळत बसलो. संध्याकाळी तोच गायला. त्याचा शेवटचा खालचा सूर मला नाट्यगृहातल्या खुर्चीच्या हातात जाणवला. नंतर तो सुनेला काहीतरी म्हणाला आणि ती हसतच सुटली. "आई, ते म्हणतात, इतक्या वर्षांत मौनाचा दिवस एवढा गजबजलेला कधी गेला नव्हता." काल ती काडी तोंडात धरून मीही गप्प बसून पाहिलं. जमलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.