रफूवाल्याची लेक

माझ्या धाकट्या भावाला मी रफूवाला म्हणते. मी स्वतः शिवणकाम करते, त्यामुळे या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, ते त्याला बरोबर कळतं. गायकांचे घसरलेले सूर कॉम्प्युटरवर उचलून जागेवर बसवायचे, हा त्याचा धंदा. बावीस वर्षं झाली. छापखान्याच्या मागे बिनखिडकीची खोली, भिंतींना करडा स्पंज, समोर भलामोठा पडदा. गळ्यातला सूर त्या पडद्यावर रेघ होऊन उमटतो. रेघ खाली गेली की हा ती माउसने वर ओढतो. झाला गायक तयार!

काय एकेक नग यायचे तिथे! एकदा दातांचा डॉक्टर आला, बायकोला लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःच्या आवाजातलं गाणं द्यायला. एकाही सुराला धक्का न लावता त्याने अख्खं गाणं म्हटलं आणि वर विचारलं, "तुमच्या माइकमध्ये काही बिघाड आहे का हो?" नाचता येईना, अंगण वाकडं. रफूवाल्याने तीन दिवस खपून त्याला गळा दिला. गाणं ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. येणारच; बिचारी त्याचा खरा आवाज रोज ऐकत होती.

या धंद्यात एक नियम कडक. काम झालं की मूळ गाणं त्याच दिवशी पुसून टाकायचं. नावाजलेल्या गायकांची तर तशी अटच असते, कारण मूळ गाणं बाहेर फुटलं की अब्रू गेली. रफूवाल्याला त्याचा कोण अभिमान! "ताई, माझ्या खोलीतून आजवर एकही बेसूर बाहेर पडलेला नाही," असं छाती फुगवून सांगायचा.

"पडतो की," मी म्हणायचे, "गाडीत बसून जातो."

अशा माणसाच्या पोटी पोरगी आली ती सुरेल. सतरा वर्षांची. माझ्या दुकानात काजं करता करता गायची, तेव्हा मी मशीन थांबवायचे. गिऱ्हाइकासाठीसुद्धा मी मशीन थांबवत नाही. वरचा सूर लावण्याआधी ती जरा रेंगाळायची, किंचित खालून यायची, श्वास घ्यायची, आणि मग तो सूर असा लागायचा की माझ्या हातातलं काम हातातच राहायचं.

तिला गाण्याच्या एका नावाजलेल्या शाळेत जायचं होतं. वर्षाला बाराच मुलं घेतात. साथीशिवाय म्हटलेलं एक गाणं ठरलेल्या तारखेच्या आत पाठवायचं, त्यावरून निवड. दोन वर्षं पोरीला दुसरा विचार नव्हता. शेवटच्या दिवशी ती बापाच्याच खोलीत गायली. मी बाहेर बाकावर बसले होते, पण त्या दारातून ठणाणा केला तरी ऐकू येत नाही. बाहेर आली ती धावतच.

"आत्या, असं मी कधीच गायले नव्हते गं," म्हणाली आणि मला बिलगली.

गाणं बापाने पाठवलं. महिन्याने शाळेचं पत्र आलं. आवाजावर प्रक्रिया केलेली दिसते, पूर्ण गाण्यात उमेदवाराने एकदाही श्वास घेतलेला नाही. मूळ ध्वनिमुद्रण दोन दिवसांत पाठवल्यास विचार करू. नव्याने गायलेलं चालणार नाही.

मी पत्र भावापुढे आपटलं. "पोरीचे श्वास कापलेस तू?"

"सगळ्यांचेच कापतो ताई. मध्ये मध्ये फुस्स करतात ते. हात आपोआप चालतो."

"दातांच्या डॉक्टरला आणि आपल्या लेकीला एकच कात्री? बरं, मूळ गाणं पाठव आता."

तो पत्राची घडी घालू लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मूळ गाणं त्याच दिवशी पुसलं होतं, नियमाप्रमाणे. दोन दिवस त्याने खोली पालथी घातली, जुन्या डिस्क काढल्या, दोन दोस्तांना बोलावलं. काही मिळालं नाही. बावीस वर्षांत एक तुकडा मागे न ठेवणारा नेटका माणूस तो! लोकांना त्याची कीव आली. मला आली नाही. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. मुदत संपली होती. पोरगी रडून मोकळी झाली होती, आवाजही शांत होता.

"बाबा, एकच सांग. ते गाणं तुझ्याशिवाय कुणीच ऐकलेलं नाही. कसं झालं होतं?"

भावाने कप खाली ठेवला. मनापासून आठवू लागला, ते मला दिसत होतं. कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले.

"चांगलं होतं," तो म्हणाला. "दोनच ठिकाणी रेघ खाली होती."

"रेघ नाही रे बाबा. ऐकायला कसं होतं?"

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी सांगेन म्हणून. मी तर दाराबाहेर होते. पोरगी उत्तराची वाट बघत तशीच बसून राहिली.