मिलचं भरलेलं गोदाम

अमळनेरला अकरावीत आम्हाला अर्थशास्त्र शिकवणारे सर बी.ए.च्या वर्गांनाही शिकवत. अकरावीचं पुस्तक त्यांना पोरखेळ वाटायचं, म्हणून दर रविवारी सकाळी आम्हा चार-पाच जणांना बोलावून ते बी.ए.चं समग्रलक्षी अर्थशास्त्र शिकवायचे. समग्रलक्षी म्हणजे एका दुकानाचा नव्हे, सगळ्या देशाचा व्यवहार. मला ते भलतंच आवडलं. पोरीच्या जातीला देशाची काळजी करायला मिळते, हे काय कमी!

पावसाळा सरता सरता मंदीचा धडा आला. सरांनी फळ्यावर बाण काढले. माल उठत नाही, म्हणून साठा वाढतो. साठा वाढला की मालक आधी एक पाळी बंद करतो, मग माणसं कमी करतो. सर सहज सांगत होते आणि मी 'एक पाळी बंद' इथेच अडकले होते. माझे वडील, आबा, वनस्पती तुपाच्या मिलमध्ये होते आणि त्यांची रात्रपाळी नुकतीच बंद झाली होती.

घरात त्याचा आनंदच होता. आई म्हणाली, आता तरी माणूस रात्री घरी जेवेल. त्याच सुमारास धुळ्याहून मामांचा निरोप आला. तिथल्या एका शाळेत शिपायाची जागा होती, दसऱ्यापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आबा नुसतेच हसले.

खंडेनवमीला मिलमध्ये यंत्रांची पूजा व्हायची, तेवढ्या दिवशी घरच्यांना आत जाता यायचं. आबांनी मला मुद्दाम मागचं गोदाम दाखवलं. डबे पार पत्र्यापर्यंत रचलेले. जागा पुरेना म्हणून कामगारांच्या जेवणाच्या खोलीतही डबेच. मी एकावरून बोट फिरवलं, तर धुळीचा थर बोटाला आला. मला तिथे उभं राहवेना.

"आबा, हाऊ माल ईकाय नही ऱ्हायना. मामाले 'हा' सांगी द्या."

"येडी व्हयनी का? बठ्ठं गोदाम भरेल शे. भरेल घर सोडीसन कोनी जास का?"

आबा शेतकऱ्याच्या घरातले. भरलेली कणगी म्हणजे वर्षाची निश्चिंती, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. कणगीतली ज्वारी आपण खातो, हे तूप लोकांनी विकत घ्यायला हवं, हे मी त्यांना घरी येईपर्यंत समजावत होते. ते झेंडूची माळ हातात धरून "हा, हा" म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला नकार गेला. मी सरांना गाठून विचारलं, आमच्या मिलचं काय होईल? सरांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, यात एकेका माणसाचं काही सांगता येत नाही." मला त्यांचा भयंकर राग आला.

दिवाळी झाली. मग एका सकाळी मिलचा भोंगा झालाच नाही. आई भोंग्यावर चहा टाकायची. ती स्टोव्ह पेटवून आधण न ठेवता बसून राहिली. आबा शर्ट घालून तयार होते.

"मशीन बिघडनं व्हई," ते म्हणाले आणि निघाले. मिलच्या फाटकाला कुलूप होतं. गोदाम आत तसंच भरलेलं होतं.

वार्षिक परीक्षेत सरांनी आम्हा रविवारच्या मुलांसाठी एक ऐच्छिक प्रश्न घातला: साठा वाढल्याने रोजगारावर काय परिणाम होतो, उदाहरणासह लिहा. मी बाण काढले आणि उदाहरण दिलं बी.ए.च्या पुस्तकातलं, परदेशातल्या मोटारींच्या कारखान्याचं. बाहेर आबा सायकल धरून उभे होते. त्या वर्षी मला परीक्षेला सोडायला आणि आणायला रोज तेच यायचे.