घाण जातीय म्हणून

माझा आवाज चढा आहे. धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या पलीकडच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स म्हणून आले, तेव्हापासून बायका म्हणतात, सिस्टरच्या आधी सिस्टरचा आवाज येतो. येतो तर येतो! गोड बोलून इथं कुणी गोळी गिळत नाही की दवाखान्याची पायरी चढत नाही.

गावातल्या एका पोरीचं बाळंतपण माझ्याच हातून झालं. माहेरी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून पहिलं असूनही सासरीच केलं. सासूनं तिला लेकीसारखं जपलं. कळा सुरू झाल्या तशी स्वतः धरून उपकेंद्रात घेऊन आली. मुलगा झाला, दणकून रडला, सगळं सुखरूप पार पडलं. पाचवीला मला मानानं बोलावणं आलं. नाळ कापणाऱ्या बाईला सटवाईच्या पूजेला बसवायचं, तिची ओटी भरायची, ही आपल्याकडची रीतच आहे. पूर्वी तो मान सुईणीचा होता, आता माझ्याकडं आलाय. खोलीत शेगडी धगधगत होती, खिडकी गच्च बंद. "अगं बायांनो, तिला काय भाजून काढताय का?" म्हटलं, तर सगळ्या हसल्या. पोरगीही हसली.

पुढचे दोन-तीन दिवस मी वाड्या-वस्त्यांवर लसी देत फिरत होते. नर्स एकटी आणि गावं ढीगभर. इकडं आड, तिकडं विहीर. एकीकडं गेलं की दुसरीकडं काही तरी होऊन बसतं.

बाळाचं वजन करायला गेले ती भर दुपारी. सासू दारातच आडवी आली.

"निजलीय ती. लई थकलीय."

"रक्त किती जातंय, मावशी?"

"जातंय की. पाचवी झाल्यापासनं लईच जातंय. घाण हाय ती, जाऊ द्या. पोटात ऱ्हायली तर पुढं तरास व्हतो."

तिला बाजूला सारून आत शिरले. बाळंतिणीच्या कपड्यांवर कुणाची नजर पडू नये म्हणून सासू ते आतच वाळत घालत होती. बाजेच्या वर दोरीभर चिंध्या, निम्म्या अजून लालसर. पोरीचे ओठ पांढरेफटक, हात गार.

"ताई, मला उठवंना झालंय," ती म्हणाली.

"अहो, माणूस रिकामं व्हायला लागलंय आणि तुम्ही धुणं कसलं धुताय!" मी ओरडले. पिशवीतलं इंजेक्शन दिलं, फोन लावला. अँब्युलन्स दुसऱ्या एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. शेवटी भावकीतली एक जीप मिळाली. धाराशिवच्या रस्त्यानं निघालो, पोरीचं डोकं माझ्या मांडीवर. "बाळ भुकेलं असंल," एवढंच बोलली. शहर दिसायच्या आतच माझ्या बोटाखालची नाडी गेली. मी बोटं काढलीच नाहीत. रडत होते आणि जीपवाल्याला पळव, पळव म्हणत होते.

सासू दुष्ट असती तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. ही बाई सुनेसाठी डिंकाचे लाडू वळत होती, तिची घाण हातानं धूत होती. मायेनं चाललेलं सगळं. हिच्याशी काय भांडायचं? आम्हाला ट्रेनिंगमध्ये रक्त थांबवायला शिकवलं, या मायेचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

तेरावा झाल्यावर बाळाला बघायला गेले. ते सासूच्या मांडीवर, वाटी-चमच्यानं दूध पीत होतं. मोठी सून शेजारी गहू निवडत बसली होती, तिचंही पोट आता दिसायला लागलं होतं.

"सिस्टर, खरं सांगा," सासू म्हणाली. "रगत वाढलं त्या पहिल्याच दिशी तुमाला हाक मारली असती तर?"

गावानं तिला सांगितलं होतं, आयुष्यच तेवढं होतं. मलाही तसंच म्हणावंसं वाटलं. त्या बाईची दशा बघवत नव्हती हो! अंगाची नुसती हाडं राहिली होती. पण गहू निवडणारा हात थांबला होता. मोठी सून माझ्या तोंडाकडं बघत होती. आज मी खोटं बोलले, तर उद्या हिचंही रक्त घाण म्हणून जाऊ देतील.

"वाचली असती, मावशी."

मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार. तिनं बाळाची हनुवटी पदरानं पुसली, चमचा वाटीत ठेवला.

"मंजी माझ्या येळंला माझी आयबी वाचली असती," ती म्हणाली. "मला तर तिचं तोंडबी ठावं न्हाय."