ताईच्या रक्तातली खळ

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या बहिणीचा. उमरेडला ती हातमागावर विणत बसली, म्हणून आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो. आज नागपुरात कर्करोगाच्या रुग्णांचं रक्त तपासतो, आणि ताईलाच कर्करोग झाला.

केमोच्या पहिल्या सलाईननंतर तिच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या. मला नेमकी सर्दी. उमरेडला जाणं म्हणजे तिला ताप देणं. नागपुरात सक्करदऱ्याच्या माझ्या खोलीतून फोन केला, तर म्हणाली, ‘‘पुढची सलाईन मी नाही घेत.’’

‘‘काहून?’’

‘‘अंगच हारलं गा बाबू. शेजारीण म्हणते, मी मनानं खचली म्हणून गाठ वाढली.’’

‘‘तिनं तर तुह्या लग्नातल्या वरणालेही नावं ठेवली होती!’’

ताई हसली, मग खोकली. ‘‘वरण पातळच होतं. पण हे खरं आहे. माह्यात लढायचा दम नाही.’’ तिनं फोन ठेवून दिला.

रात्रभर मला तेच छळत राहिलं. लाजून, स्वतःला दोष देत ती मरणार होती. फोनवर ती मला बोलू देत नाही. वसतिगृहातून पाठवलेली माझी पत्रं मात्र दोनदा वाचायची. म्हणून लिहिलं:

‘‘ताईस नमस्कार.

गाठ वाढली ती तू खचलीस म्हणून नव्हे. गाठ रक्तात काही द्रव्यं सोडते, त्यांनी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. आम्ही निरोगी माणसाच्या पेशी रुग्णाच्या रक्तातल्या पाण्यात ठेवतो, तर त्याही मंदावतात. धुऊन घेतल्या की बऱ्याचशा पुन्हा कामाला लागतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सुताला लावलेली खळ जाड बसली की चांगलं सूतही ताठरतं, मागावर तटातट तुटतं. तेव्हा तू सुताला कधी शिव्या दिल्या नाहीस. आईला म्हणायचीस, खळ बिघडली.

औषधानं पेशी आधी आणखी उतरतात, हे तू भोगते आहेस. पण गाठ आटली तर ही द्रव्यंही कमी होतील, असं तुझे डॉक्टर म्हणतात. होईलच, असं ते म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. घ्यायची नसेल तर नको घेऊ, पण हारली म्हणून नको सोडू.

सर्दी गेली की येतो. तोवर शेजारणीला दारातूनच परत पाठव.

तुझा बाबू’’