घुबडकड्यावर पाय कुणी ठेवायचा?

आमच्या ग्रुपमध्ये चढणं कमी आणि चढण्याबद्दल बोलणं जास्त. कड्यावर दोन दिवस घालवायचे आणि मुलुंडच्या टपरीवर त्याच दोन दिवसांवर दोन वर्षं काढायची! दर वेळी कुणीतरी नवं तिखटमीठ लावतं. आता त्यातलं खरं किती आणि मन्याने घुसडलेलं किती, हे आम्हालाही सांगता येत नाही. मी सांगते ते मात्र खरं आहे. निदान मी तिथे होते.

मी मुलुंडला फिजिओथेरपिस्ट आहे. हे लोक मला 'डॉक्टर' म्हणतात, कारण डॉक्टर म्हटलं की मी फी मागत नाही असा त्यांचा समज आहे. मला ग्रुपमध्ये घेतलं ते चढता येत होतं म्हणून नाही, सगळ्यांचे खांदे फुकटात बसवून मिळतील म्हणून. चढायला मी नंतर शिकले.

* * *

आमची प्रॅक्टिस तात्यांच्या सोसायटीच्या गच्चीवरून चालते. तात्या म्हणजे आमचे म्होरके, शाळेतून रिटायर झालेले पीटीचे सर. टाकीच्या खांबाला दोर बांधायचा आणि सात मजले खाली उतरायचं, हा आमचा रविवार.

एकदा मन्या असाच लटकत लटकत चौथ्या मजल्यापाशी आला. मन्या भांडुपचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी धाडकन खिडकी उघडली. आम्हाला वाटलं, झालं, आता बोंब मारणार!

काकू म्हणाल्या, "बरा आलास. तो एसीवरचा कबुतराचा संसार काढ बघू तेवढा."

मन्याने काढला. ते तिसऱ्या मजल्यावाल्यांनी पाहिलं. त्यांचा टॉवेल कधीचा छज्ज्यावर पडला होता. दुसऱ्या मजल्यावर काचा पुसायच्या होत्या! मन्या खाली टेकला तेव्हा त्याच्या हार्नेसला एक टॉवेल, कपड्यांचे चिमटे आणि कुणाचं तरी बॅडमिंटनचं फूल लटकत होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी आम्हाला रीतसर परवानगी दिली. "फक्त दिवाळीच्या आधी जरा जास्त वेळा या," म्हणाले.

* * *

प्रांजल वेसाव्याची, कोळीवाड्यातली. आमच्यात सगळ्यात हलकी आणि सगळ्यात बिनधास्त. तिच्या आईचा मासळीचा धंदा. आईची परवानगी काढायला तात्या स्वतः गेले, सोबत नवा कोरा दोर घेऊन. म्हणाले, "आई, ह्याला गाडी लटकवली तरी तुटायचा नाही."

आईने दोर हातात घेतला, ओढून बघितला, वास घेतला. मग मुलीकडे वळून म्हणाली, "दोर बरा हाय. पन पाण्यान परलीस तं जालां टाकून कारीन गो तुला. डोंगरावशी परलीस तं काय टाकू?"

तात्यांनी दोर परत गुंडाळायला घेतला. मग कसंबसं म्हणाले, "आम्ही असतो ना खाली उभे."

"आनि तुमच्यावर परली तं तुमाला कोन कारील?"

परवानगी मिळाली. वर सुकटीची एक पिशवीही मिळाली. त्या ट्रिपला आख्ख्या एसटीत आमच्या शेजारी कुणी बसलं नाही, मस्त पाय पसरून गेलो.

* * *

आमचा सगळ्यांचा जीव अडकलेला तो घुबडकड्यात. शेवटच्या एसटी थांब्यापासून तीन तास चालायचं, मध्ये एक वाडी लागते, आणि मग समोर सरळसोट काळी भिंत. माथ्याच्या जरा खाली खडक पोट सुटल्यासारखा बाहेर आलाय, त्याला आम्ही 'ढेरी' म्हणतो. त्या ढेरीने आम्हाला कितीतरी वर्षं परत पाठवलं.

तिथे वारा असा की वरचं अर्धंच खाली ऐकू येतं. एकदा मन्या वर, खाली दोर धरायला आमच्यातलाच दिल्या. मन्या ओरडला, "दिल्या, दोर सोडू नकोस!"

आता आपल्या मराठीत 'नको' येतं शेवटी. वाऱ्याने नेमकं तेवढंच खाल्लं. दिल्याला ऐकू आलं, "दोर सोडू?"

दिल्या सभ्य माणूस. त्याला वाटलं, हा विचारतोय. म्हणाला, "सोड की!" आणि स्वतःही सैल सोडला.

मन्या पुरुषभर खाली आला आणि निवडुंगात बसला. पुढचा तासभर मी चिमट्याने काय काढत होते ते सांगत नाही. त्याच संध्याकाळी तात्यांनी फर्मान काढलं, "घुबडकड्यावर 'नको' हा शब्द बंद! जे पाहिजे तेच बोलायचं. 'सोडू नको' नाही, 'पकड' म्हणायचं!"

मग आम्ही वाडीत जेवायला बसलो. वाढणाऱ्या वहिनी भाकरी घेऊन आल्या, "आणखी एक?" मन्याने तात्यांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "वाडी कड्याच्या हद्दीतच येते."

मन्या त्या रात्री आडवा पडूनच श्वास घेत होता.

* * *

त्याच वाडीत एक आजी आहेत. आम्हाला दोर गळ्यात घालून येता-जाताना त्या कित्येक वर्षं बघत होत्या. एकदा राहवलं नाही त्यांना. म्हणाल्या, "बाबांनो, त्या माथ्यावरच जायचं ना? मग मागल्या अंगानं वाट हाये की! आमच्या म्हशी जात्यात."

तात्यांनी समजावलं, "आजी, वाट आहे हे माहीत आहे आम्हाला. आम्हाला पुढून जायचंय."

"पुढं काय हाये?"

"काही नाही."

आजींनी जरा विचार केला. मग सुनेला हाक मारली, "अगं, ह्यास्नी ताक दे. उन्हानं झालंय."

* * *

आता दिल्याचं सांगायलाच पाहिजे.

दिल्या कांदिवलीचा, विमा विकतो. दिवसभर फोनवर "हो सर, बरोबर सर" करतो. कड्यावर गेला की हाच माणूस असा काही चढतो की बघत राहावं. दोन वर्षांपूर्वी ढेरीवरून सुटला, भिंतीवर आपटला आणि घोटा मोडून घेतला. त्याला झोळीत घालून एसटीपर्यंत आणलं आम्ही. पुढचे कित्येक महिने शिल्पाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला धरधरून बाथरूमला नेलं. मी व्यायाम द्यायला जायचे तेव्हा ती दारात उभी राहायची. एकदा मला सरळ म्हणाली, "वैशू, मला विधवा व्हायची हौस नाही. ह्याला सांग, बस झालं."

मी काय सांगणार? एकीकडे तिचा हात भीतीने गार पडलेला, आणि दुसरीकडे दिल्या भिंतीकडे बघून घोटा फिरवत होता. मला दोघांचंही वाईट वाटत होतं.

शेवटी तोडगा काढला तिच्या वडिलांनी. आबा देवगडकडचे. आधी गिरणीत, नंतर वॉचमन, आता कांजूरमार्गला निवांत. त्यांनी सगळ्या ग्रुपला कोंबडी-वड्यांचं आमंत्रण दिलं. जेवणाआधी देवापुढे नारळ ठेवला आणि म्हणाले, "उभे रवा रे सगळे. गाऱ्हाणा घालतंय."

कोकणातल्यांना सांगायला नको. एकाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी मागून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. आतून वड्यांचा खमंग वास येत होता. लक्ष कुणाचं होतं?

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो माझो जावय आणि ह्येचे सगळे सोबती तुझ्या पायाशी उभे आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंका त्या कड्याच्या माथ्यार सुखरूप पोचय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि एकदा काय माथ्याक पाय लागलो, की ह्येंतलो एकव जण परत दोराक हात लावचो नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

हे शेवटचं सगळ्यात जोरात. वडे ताटात पडेपर्यंत आपण काय बोललो हे कुणाच्या डोक्यातही शिरलं नाही. मग मन्याचा घास हवेतच थांबला. "आयला," तो म्हणाला, "आपली पण वाट लागली!"

फक्त मी सुटले. मी आत वडे तळत होते.

* * *

आता हे सगळे सुशिक्षित लोक. मन्या तर म्हणतो देव-बिव सब झूठ. पुढच्या हिवाळ्यात, इतक्या वर्षांनी, ढेरी सर झाली! दिल्याच पहिला चढला आणि माथ्याच्या काठाला हात लावून तसाच लटकत राहिला. पाय काही वर घेईना.

मन्या खालून ओरडला, "घाबरतोस काय? अंधश्रद्धा आहे ती!"

"मग तू ये आणि ठेव पाय!"

"मी कशाला? तुझा सासरा आहे!"

तात्यांनी बराच विचार करून निकाल दिला. "गाऱ्हाण्यात पाय म्हटलंय. हाताबद्दल काही म्हटलेलं नाही." झालं! एकेक जण गेला, माथ्याला हात लावून आला. प्रांजलने तर कपाळ टेकवलं. सगळे दोरावरून खाली उतरले आणि मोठ्या विजयाने घरी गेले.

शिल्पाने दारातच विचारलं, "गेलास माथ्यावर?"

"हो."

"पाय ठेवलास?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे काय रे? मी काय तुझी गिऱ्हाईक आहे?" असं म्हणून तिने दार आपटलं. दुसऱ्या दिवशी मला फोन. "वैशू, पुढच्या वेळी मी माथ्यावर जाऊन बसते. म्हशींच्या वाटेने. आबांना घेऊन. बघते कसा पाय ठेवत नाही ते! तू चल माझ्याबरोबर, तुला शपथ-बिपथ काही नाही."

* * *

तर या जानेवारीत आम्ही तिघं माथ्यावर. आबा नारळ घेऊन दगडावर बसलेले, शिल्पा काठावर पालथी पडून खाली बघतेय, मी तिचे पाय धरून बसलेय. दिल्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो खालून चढत होता, तात्या दोर धरून, मन्या आणि प्रांजल आपापल्या पाळीची वाट बघत.

शिल्पाने त्याला चढताना कधी पाहिलंच नव्हतं. आधी ती नुसती, "अगं बाई, अगं बाई," करत होती. ढेरीवर त्याचा हात सुटला, दोराने झेललं, तेव्हा तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. माझाही जीव टांगणीला लागला होता. दिल्या हवेत गोल फिरला, हात झटकले, परत खडकाला भिडला.

"वैशू, हा हसतोय का गं?"

मी वाकून पाहिलं. "हो."

"घरी नाही असा हसत."

मी तिचे पाय आणखी घट्ट धरले. नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडणार?

थोड्या वेळाने काठावर दोन हात आले. मग कोपरं, मग हेल्मेट, मग छातीपर्यंत दिल्या वर आला आणि समोर बघतो तर बायको, सासरा आणि नारळ!

"इलास?" आबा म्हणाले. "येवा, येवा. पाय ठेवा."

दिल्याचा चेहरा पार उतरला. पोटापर्यंत माथ्यावर, पाय खाली हवेत. त्याचे दंड थरथरायला लागले होते, मला दिसत होतं. "शिल्पा," तो म्हणाला, "इथूनच उतरू का गं?"

शिल्पाने गळ्यातली ओढणी मुठीत आवळली.

"बरं," दिल्या म्हणाला. अगदी फोनवर म्हणतो तसंच. "ठेवतो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, उगाच कशाला खोटं सांगू? त्याने उजवा गुडघा वर घ्यायला सुरुवात केली.

"थांब!" शिल्पा ओरडली.

ती उठली. गळ्यातली ओढणी काढली, झटकली आणि त्याच्या पुढ्यात खडकावर पसरली. वाऱ्याने उडायला लागली, तेव्हा तिने चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, नीट दाबून. मग त्याचा हार्नेस दोन्ही हातांनी धरून त्याला वर ओढलं.

"ह्याच्यावर ठेव."

दिल्याने आधी एक पाय ठेवला, मग दुसरा. आबांनी ओढणीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि दरीकडे तोंड करून बसले.

खालून तात्यांचा आवाज आला, "दिल्या! काय झालं रे? ठेवलास का पाय?"

शिल्पा काठाशी गेली, खाली वाकली आणि हाताचा कर्णा करून ओरडली, "तात्या, ओढणी एकच आहे! एकेक जण या!"