कुपाटीवरचं हिरवं लुगडं

नातवंडांना गुप्तहेर फार आवडतात. काळा चष्मा, बुटात सुरी, नजरेसमोरून गायब होणं. मी एकदा म्हटलं, मीपण होते गुप्तहेर, तर थोरली नात हसता हसता ठसका लागून बसली. हसू दे. तेव्हा मी सोळा वर्षांची होते; त्या पोरीचं मलाही हसू येतं, निदान अर्ध्या गोष्टीपर्यंत तरी.

टेंभुर्णीपासून दीड कोसावर, नदीच्या काठाला आमचं गाव. आम्ही मोगलाईत. पलीकडं थोडं चाललं की वऱ्हाड लागायचं, तिथं निजामाची सत्ता नव्हती. राज्य पडायच्या आधीचा तो शेवटचा उन्हाळा. माझं लग्न होऊन वर्ष झालेलं आणि नवरा वऱ्हाडातल्या लढणाऱ्यांच्या तळावर. पंधरा दिवसांतून एकदा तो दिवेलागणीला नदीतून यायचा, भाकरी बांधून न्यायचा, गावात कोण आलं-गेलं ते माझ्याकडून ऐकून घ्यायचा. खाकी वर्दीचे बंदूकवाले गावात असले, तर मी घरामागच्या काटेरी कुपाटीवर, नदीतून दिसेल असं, माझं हिरवं लुगडं वाळत टाकायचं; ते दिसलं की त्यानं मागं फिरायचं. एवढीच माझी हेरगिरी. सासूला यातलं काही सांगायचं नाही, अशी त्याची ताकीद होती. म्हातारीच्या पोटात काही राहत नाही, म्हणे. तो भेटायला येतो असंच तिला वाटायचं, तेही आल्यावर कळायचं.

मी मात्र स्वतःला काय समजत होते! कथेकऱ्याकडून ऐकलं होतं, की हेर पकडला गेला तरी तोंड उघडत नाही. म्हणून पदराच्या टोकाला धोतऱ्याचं बी बांधून ठेवलं होतं, वेळ आली तर खायला. घागरीतल्या पाण्यात बघून तिरकी नजर टाकायची सवय करत होते. सासू म्हणाली, डोळे आले असतील तर गुलाबपाणी घाल.

आणि वेळ आली ती अशी, की मला कावळा शिवलेला. तीन दिवस गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचं, घरात कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आठ बंदूकवाले आले आणि चावडीपुढच्या लिंबाखाली पसरले. तो त्याच संध्याकाळी यायचा होता. लुगडं घरात दांडीवर, मी गोठ्यात.

सासू विहिरीवर गेली तशी मी घरात घुसले, लुगडं ओढलं, कुपाटीवर पसरलं आणि परत पोत्यावर येऊन बसले. छाती अशी धडधडत होती, की गाय मान वळवून बघत होती. पण अभिमान केवढा!

सासू परत आली. घडा उतरवायच्या आधीच तिची नजर कुपाटीवर गेली. विटाळात मी शिवलेलं लुगडं, दांडीवरून निघालेलं, उघड्यावर. माझ्याकडं बघून तिनं कपाळावर हात मारला. मग एक लांब काठी घेतली, हात लागू नये म्हणून काठीच्या टोकानं लुगडं उचललं आणि घमेल्यात पाण्यात बुडवलं.

आणि मी गप्प बसले. गुप्तहेर बोलत नाही ना! पदराची गाठ दाबून धरली आणि ऊन उतरताना बघत राहिले. सासूनं चूल पेटवली. एक भाकरी झाली, दुसरी झाली. लिंबाखालचे बंदूकवाले उठून तोंड धुवायला नदीकडं निघाले, तेव्हा माझ्या तोंडून आवाज फुटला.

"आत्याबाई, ते लुगडं परत टाका. तुमचा लेक येऊन राह्यला."

तिनं तवा तसाच सोडला.

"मंग इतका येळ मिठाची गुळणी धरून बसली होतीस का?"

या खेपेला काठी नाही घेतली. निथळतं लुगडं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पळाली आणि कुपाटीवर टाकलं. काट्यांनी तिचे हात फाटले. तव्यावरून धूर निघत होता. नदीकडून एक बार ऐकू आला. मग दुसरा.

सकाळी वाळूत रक्त होतं, माणूस नव्हतं. बंदूकवाले गाडीत घालून काहीतरी घेऊन गेले, एवढं कळलं. कोणाला विचारायची सोय नाही, रडायची नाही. रडलो असतो तर गावानं विचारलं असतं, का रडता. सासू रोज माझ्यापुढं कांदे टाकायची आणि स्वतः चुलीत ओली लाकडं घालून धुरात बसायची. चार महिने आमच्या घरात कांदा कमी पडला नाही. पुढच्या महिन्यात मी गोठ्याकडं निघाले तर ती म्हणाली, "बस घरातच." त्यानंतर या घरात कुणी बाजूला बसलं नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि दसऱ्यानंतर तो आला, काठी टेकत. गुडघ्यात गोळी लागलेली. सासू त्याचे पाय चाचपत राहिली. रात्री जेवताना त्यानं एकदाच सांगितलं, परत कधीच नाही.

"लुगडं न्हाई म्हणून निघालो. अर्ध्या पात्रात होतो तवा दिसलं. मी वळलो. बरोबरचा पुढं होता, त्यानं वर पाह्यलंच न्हाई."

बरोबर कोणी असेल, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या बरोबरच्या माणसाचं नाव, गाव नवऱ्यानं सांगितलं होतं. इथं लिहीत नाही. त्याच्या घरचे अजून आहेत. दर वर्षी झेंड्याच्या दिवशी ते त्याच्या फोटोला हार घालतात, आणि तो लढताना गेला असं सांगतात. मी दोनदा त्या गावापर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा गप्प बसले.