पाठ टेकली तर

पुसदमध्ये शाल्मलीची ओळख सांगायची तर 'ती कराटेवाली' एवढीच. किकबॉक्सिंग म्हणजे कराटे नव्हे, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं, पण गावाला त्याचं काय? स्पर्धा जिंकून आली की बसस्टँडसमोर बॅनर लागायचं, शाल-नारळ व्हायचा आणि सत्काराला आलेला पाहुणा 'आमच्या या भगिनीनं कराटेत' अशी सुरुवात करून अर्धा तास स्वतःबद्दल बोलायचा. तिचे वडील श्रीकृष्णराव सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते पहिल्या रांगेत बसून दर वेळी हात वर करून दुरुस्ती सुचवायचे. त्यांचंही कुणी ऐकलं नाही.

तिच्या वजनगटात राज्यात तिला तोड नव्हती, देशातही ती अनेकदा पहिली आली. डावा पाय असा उठायचा की समोरच्या मुलीला तो कानाजवळ आल्यावरच दिसायचा. पण सव्विशी येईपर्यंत तिला एक गोष्ट पुरती कळून चुकली होती. या खेळात तिच्यासाठी पुढे काही उरलं नव्हतं. त्याच चार मुली, त्याच रिकाम्या खुर्च्या, तसंच पदक. बघायला येणार कोण, तर हरलेल्या मुलींचे भाऊ. मोबाइलवर मात्र ती जाळीतल्या लढती बघत बसायची. एमएमए म्हणतात त्याला. त्यात ठोसे चालतात, लाथा चालतात, उचलून आपटणं चालतं, गळा आवळणंही चालतं, आणि हॉल खच्चून भरलेला असतो. आपण हाडं झिजवली ती यासाठीच, असं तिच्या मनानं घेतलं. तिला लहानपणापासून शाळेच्या हॉलमध्ये शिकवणारे भीमराज सर म्हणाले, विचार कर, तिथे पाय धरतात. तिनं विचार केला नाही.

नागपूरला पहिल्याच लढतीत समोरच्या मुलीनं पाय धरला. एवढ्या कौतुकाचा तो डावा पाय तिनं काखेत दाबला, दुसऱ्या पायाला आपल्या पायाचा आकडा घातला आणि शाल्मली जमिनीवर. त्यानंतर काय करायचं असतं हे शाल्मलीला ठाऊकच नव्हतं. पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी ती नुसती तडफडली आणि पंचांनी लढत थांबवली. 

जमिनीवरचं शिकवणारं पुसदमध्ये कोणी नव्हतं. वडिलांचं हृदयाचं दुखणं बघता गाव सोडून बाहेर राहणंही होण्यासारखं नव्हतं. शेवटी सरांनी तिला फुलसावंगीला वामनरावांकडे नेलं. वामनराव कापूस-सोयाबीनवाले शेतकरी, पण ऐन उमेदीत दिग्रस-उमरखेडकडच्या कुस्त्यांच्या दंगली त्यांनी गाजवलेल्या. आयुष्यात त्यांची पाठ कुणी मातीला लावली नाही, हे त्यांच्याकडून हरलेले म्हातारेच सांगायचे. गावाबाहेर मारुतीच्या देवळामागे पत्र्याखाली त्यांचा कुस्तीचा हौदा होता. पोरींना शिकवत नाही, म्हणाले. त्यांची पुतणी प्रेरणा हौद्यात उतरायची, पण ती घरची. तेव्हा त्यांच्या बायकोनं, विमलताईंनी, सुपात दाणे पाखडता पाखडता निकाल दिला.

"आपली प्रेरणा मातीत लोळते ते चालते, अन् दुसऱ्याची पोर आली की तुमचा हौदा बाटते काय?"

शाल्मली जायला लागली. दिवसाआड पहाटेची एसटी, उतरून देवळापर्यंत पायी, अन् मग ताक-तेल मुरलेली ती लाल माती. वामनरावांच्या हौद्याचा कायदा एकच होता. ज्याची पाठ लागली त्यानं गुमान बाहेर यायचं, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि त्या दिवशी पुन्हा आत पाय ठेवायचा नाही. गावातल्या पोरांचं ठीक, ती घरी जाऊन दूध पिऊन झोपायची. शाल्मली तासभर एसटीत हिंदकळत यायची आणि पहिल्याच झोंबीत प्रेरणा तिला उताणी करायची. झालं. मग परतीच्या गाडीपर्यंत देवळाच्या पायरीवर माशा मारत बसायचं. असं काही आठवडे चाललं आणि तिच्या अंगानंच ठरवून टाकलं की काय वाट्टेल ते होवो, पाठ लागू द्यायची नाही. तोल गेला रे गेला की ती हवेतच वळायची, पोटावर पडायची, हात-पाय फाकून मातीला चिकटायची. प्रेरणा वर बसून घाम गाळायची, पण ही काही पलटायची नाही. वामनराव खूश झाले. पोरगी पुसदची असली तरी अंगात माती आहे, असं ते पारावर सांगू लागले.

दुसऱ्या लढतीला ते स्वतः नागपूरला आले. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. जाळीजवळची खुर्ची त्यांनी कुणाशी तरी भांडून मिळवली. या वेळी शाल्मली बरी लढली, दोन वेळा तिनं पकड सोडवली, ठोसेही लागले. मग समोरच्या मुलीनं कंबरेत मिठी घालून तिला उचललं. शाल्मली हवेतच वळली आणि पोटावर पडली, अगदी हौद्यात पडायची तशी.

"शाबास! पाठ नाही लागू देली!" वामनराव खुर्चीवरून उठून ओरडले.

समोरच्या मुलीला तर हेच हवं होतं. ती पाठीवर चढली, मागून पाय कमरेला वेढले आणि हात गळ्याखाली सारला. शाल्मलीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं जमिनीवर हात आपटून हार मानली, तरी वामनराव टाळ्याच वाजवत होते. पंचांनी दुसरीचा हात वर केला तेव्हा त्यांच्या टाळ्या थांबल्या. त्यानंतर त्यांनी पंचांना बाहेर गाठून विचारलं की पाठ कुठं लागली ते दाखवा. पंच बिचारे हसावं की रडावं या विचारात पडले.

परतताना वामनराव सबंध रस्ता तिला समजावत राहिले की ती हरलेली नाही, त्या लोकांना कुस्ती कळत नाही. शाल्मली खिडकीबाहेर बघत होती. काय झालं ते तिला लख्ख कळलं होतं. या खेळात उताणं पडून लढता येतं, पाय समोरच्याच्या कमरेला घालून त्याला अडवता येतं. पालथं पडलेल्याचा मात्र गळा गेला. पण ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट सांभाळली, त्याला ती गोष्टच आपल्या गळ्याशी आली, हे सांगायचं कसं? तिनं सांगितलं नाही. आपलं आपण सुधारू, असं ठरवलं.

सुधारणं कसलं! अमरावतीच्या लढतीला जाताना ती रस्ताभर स्वतःला बजावत होती की वळायचं नाही, पडलो तर उताणंच राहायचं. ती पडली आणि मनात विचार यायच्या आत अंग वळलं. पुन्हा पालथी, पुन्हा मागून गळा. कपडे बदलायच्या खोलीत तिनं रागानं भिंतीवर इतक्या जोरात हात मारला की दोन बोटं सुजली. स्वतःचंच अंग ऐकत नसेल तर माणसानं दाद मागायची कुणाकडे? आयोजक सभ्य माणूस होता. म्हणाला, हिवाळ्यात नागपूरला अजून एक लढत देतो, ताई, त्यानंतर मात्र बघू. या 'बघू'चा अर्थ तिला बरोबर कळला. किकबॉक्सिंगच्या चमूत एव्हाना तिच्या जागी दुसरी मुलगी गेली होती, ते दारही बंद झालं होतं. ही शेवटची लढत गेली की जन्मभर पुसदमध्ये कराटेवाली म्हणून राहायचं, हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी ती फुलसावंगीला गेली. वामनराव फावड्यानं हौद्याची माती वर-खाली करत होते.

"वस्ताद, मला उताणं पडून लढायचंय," ती म्हणाली. "इथे, या मातीत. प्रेरणाला माझ्या छातीवर बसू द्या."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग इतके महिने गिळलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर आलं. दोन्ही वेळा गळा का गेला, पालथं पडणं म्हणजे तिथे मान स्वतःहून देणं कसं, आणि आता ठरवूनही तिचं अंग कसं उताणं राहत नाही. बोलताना तिचा आवाज चढला होता आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

वामनरावांनी फावडं थांबवलं. "मंग मी तुले हारायले शिकवलं, असंच म्हनतं ना?"

"हो," शाल्मली म्हणाली.

 त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं आणि पायातल्या वहाणांकडे बघत म्हणाले, "ह्या हौद्यात पाठ टेकून कोनी पडनार नाही. मी हाव तोवर नाही. तुले पडाचं असंल तं बाहीर पड." आणि शेताकडे निघून गेले.

तिला त्यांचा संताप आला, स्वतःचा त्याहून जास्त. इतकं तोडून बोलायला नको होतं आणि बोलायचंच होतं तर सहा महिने आधी बोलायला हवं होतं. पण गाडीला अवकाश होता आणि लढत तोंडावर आली होती. प्रेरणानं घरून सोयाबीन झाकायची ताडपत्री आणली, पत्र्याबाहेर निंबाखाली अंथरली आणि म्हणाली, पड.

मग दर खेपेला तेच. मोबाइल विटेला टेकवून ठेवायचा, त्यातलं बघायचं, शाल्मलीनं उताणं पडायचं आणि प्रेरणानं वर बसून ठोसे द्यायचे. प्रेरणा बसली रे बसली की शाल्मलीचा खांदा आपोआप उचलला जायचा. पुन्हा पडायचं, पुन्हा खांदा. कधी जमायचं, बहुतेक वेळा जमायचं नाही. वामनराव बाजूनं ये-जा करायचे, पण मान वळवायचे नाहीत. जणू ताडपत्रीवर कोणी नागडं पडलं होतं. विमलताई चहा घेऊन यायच्या आणि विटेवर बसून दोघींची मजा बघायच्या.

"त्याईचं मनावर नोको घेऊ," एकदा त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून मी त्याईले पाठीवर झोपलेलं पाह्यलं नाही. सारी रात्र कुशीवर. तुलेच सांगतो, कोनाले बोलू नोको."

शाल्मलीला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. पन्नास वर्षांत जे त्या माणसाच्या अंगातून गेलं नाही, ते आपल्या अंगातून महिन्याभरात जाणार कसं?

नागपूरला भीमराज सर आणि प्रेरणा तिच्यासोबत होते. जाळीत शिरताना तिला पहिल्या रांगेत ओळखीचा दुपट्टा दिसला. वामनरावांना कोणी बोलावलं नव्हतं. विमलताई शेजारी बसल्या होत्या आणि इतकी गर्दी बघून पदर सावरत होत्या. वामनराव तिच्याकडे बघत नव्हते, जाळीकडे बघत होते.

पहिली फेरी बरोबरीत गेली. दुसरी सुरू होताच समोरच्या मुलीनं पाय काढून घेतला आणि शाल्मली आपटली. पाठ जमिनीला लागली न लागली तोच डावा खांदा उचलला गेला. अंग वळायला लागलं. ते तिला कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं. संपलं, असं तिला वाटलं.

"पलटू नोको!"

हॉलच्या गोंगाटातून तो आवाज आला. दंगलीत शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा, तसा.

"पाठ टेकव, पोरी! टेकव पाठ! पडून राह्य!"

मागची पोरं फिदीफिदी हसली. एवढा मोठा पहिलवानी आवाज आणि सांगतोय काय, तर पड. शाल्मलीला हसणं ऐकू आलं नाही. तिचा खांदा खाली गेला. या आवाजानं वर्षभर सांगितलेलं तिच्या अंगानं ऐकलं होतं, आजही अंगानं त्या आवाजाचंच ऐकलं. पाठ टेकली. तिनं दोन्ही पाय समोरच्या मुलीच्या कमरेला घातले, हनुवटी छातीशी घेतली, वरून येणारे ठोसे हातांवर झेलले. भुवई फुटली, पण गळा कोणाच्या हाती लागला नाही. मुलगी थकली, जरा मागे सरली, तेव्हा शाल्मलीनं तिला पायानं ढकललं आणि उभी राहिली. उभी राहिल्यावर मग प्रश्नच नव्हता. शेवटची फेरी तिनं त्या मुलीला नुसतं जाळीच्या कडेकडेनं फिरवलं.

पंचांनी तिचा हात वर केला. शाल्मलीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. विमलताई एकट्याच होत्या. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

वामनराव बाहेर पायरीवर बसले होते, दुपट्टा तोंडावर घेऊन. ओरडून झाल्यावर त्यांना पुढचं बघवलं नव्हतं. ती जवळ जाऊन उभी राहिली तरी त्यांनी दुपट्टा काढला नाही.

"काय झालं?" त्यांनी आतूनच विचारलं.

"जिंकले, वस्ताद."

त्यांनी दुपट्टा खाली घेतला. मग दुपट्ट्यानंच डोळे पुसून म्हणाले, "बरं झालं. पन मी काय वरडलो, ते गावात कोनाले सांगू नोको."

"नाही सांगत," शाल्मली म्हणाली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसून हमसून हमसून रडली.